अख्खा कान झाकणारं कानातलं

आमच्या गल्लीत कुणाकडे लग्न निघालं की पत्रिका छापायच्याही आधी मला निरोप यायचा. जरा येऊन जा, कानातलं कोणतं शोभेल ते सांग. मी हातातलं काम टाकून जायचे. बोलावणं आवडायचं मला, खोटं कशाला बोलू. सोनारानेच कान टोचावे म्हणतात. मी सोनार नव्हते, शाळेत गणित शिकवणारी बाई होते, पण तोरा मात्र सोनाराचा होता. समोरच्या बाईचा चेहरा, मान, साडीचा काठ एका नजरेत बघायचे आणि फर्मान काढायचे.

आता कुणी विचारलं तर सांगते, तुला आवडेल ते घाल. बायकांना वाटतं, हिला शिष्टपणा आला. तसं नाही. माझ्या धाकट्या बहिणीला मुलाकडचे बघायला येणार होते, त्या दिवशी मी तिच्या कानांत माझ्या पसंतीचं कानातलं घातलं. तिचं ऐकू यायचं मशीन झाकायला घातलं होतं. पुढे तिचं ठरलेलं लग्न मोडलं आणि ते तिच्यामुळे मोडलं असं सगळे म्हणतात. मोडलं मी. हे एकदा सरळ लिहून टाकायचं आहे, म्हणून बसले आहे.

बहीण माझ्याहून आठ वर्षांनी लहान. पहिलीत असताना तिला जबर ताप आला, आणि तो उतरला तेव्हा ऐकणं घेऊन गेला. डावा कान तर गेलाच, उजव्यात थोडं उरलं. आम्ही घरचे तिच्यासमोर बसून, तोंड नीट उघडून बोलायला शिकलो आणि ती ओठ वाचायला शिकली. ती कॉलेजात गेली तेव्हा वडिलांनी तिला इंदूरला नेऊन मशीन बसवून आणलं. उजव्या कानामागे बसणारं, कातडीच्या रंगाचं म्हणे, पण तो रंग आमच्या घरातल्या कुणाच्याच कातडीचा नव्हता. घरी आल्यावर दोन दिवस ती हिंडून हिंडून वस्तू वाजवून बघत होती. डब्याची झाकणं, दाराची कडी, देवघरातली घंटी. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, तुझे झुमके बोलतात व." माझ्या झुमक्यांना आवाज आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. कानाशीच वाजत होते, पण माझं लक्ष नव्हतं.

झुमके काळपट चांदीचे होते. ऑक्सिडाइज म्हणतात ते. आईला ते डोळ्यांसमोर नको असायचे. आई दापोऱ्याची, केळीवाल्यांच्या घरची. तिच्या लेखी सोनं कंबरेच्या वर आणि चांदी कंबरेच्या खाली, यात बदल नाही. "चांदी पायात राहते व बाई," ती म्हणायची. "कानात घालशीन तं लोक म्हणतीन, पोरीनं सोनं मोडून खाल्लं. अन् ते बी काळं. घासून तं घाल." मी म्हणायचे, आई, ते काळंच असतं, मुद्दाम काळं केलेलं असतं. ती म्हणायची, "म्हणजे चांगली चांदी काळी कराले कारागीर ठेवला? शाबास."

मला त्याचा नाद लागला तो खकनारला. तिथल्या शाळेत माझी पहिली नोकरी होती, बसने जायचे. बाजाराच्या दिवशी आसपासच्या पाड्यांवरच्या बायका यायच्या आणि त्यांच्या कानांत खरी चांदी असायची, आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे आलेली. उंचवट्यांवर लख्ख, खाचांमध्ये काळी. ते काळं कुणी केलेलं नव्हतं, वर्षांनी साचलेलं होतं. आमच्या बुऱ्हाणपुरात फॅन्सी स्टोअरमध्ये मिळते ती त्याची नक्कल. बहुतेक वेळा ती चांदी नसतेच, जर्मन सिल्व्हर असतं नाहीतर पितळेवर चढवलेला रंग. पण नक्कलसुद्धा नीट निवडली तर शोभते.

हे निवडणं मी बहिणीला शिकवलं. शाळा सुटली की आम्ही दोघी चौकातल्या दुकानात जायचो आणि मी तिच्यासमोर उभी राहून व्याख्यान द्यायचे. अंगठ्याने घासून बघ. अंगठा काळा झाला तर ठेवून दे, तो नुसता रंग आहे. सगळंच एकसारखं काळं असेल तर ते डांबरात बुडवून काढलंय. उलटं करून मागची बाजू बघ, पुढून सगळेच चांगले दिसतात. तळहातावर धर, हाताला जड लागलं तर कानाला दुप्पट लागेल. हुकाचं टोक गालावरून फिरव, टोचलं तर घेऊ नको. लांब चेहऱ्याला गोल चांदबाली, गोल चेहऱ्याला लांब झुमका, आखूड मानेला खांद्याला टेकणारं कधीच नाही. भरजरी साडीवर काळी चांदी मरते. सुती साडी हवी, निळी, गेरूच्या रंगाची, नाहीतर मेंदीची. आणि कानात मोठं घातलंस तर गळा रिकामा ठेव. बहीण माझे ओठ बघत सगळं नीट ऐकून घ्यायची आणि मग दुकानदाराकडे वळून म्हणायची, "भैया, दीदी को जो पसंद नहीं, वो दिखाओ." दुकानदार हसायचा. तिला तिच्या मनाचंच हवं असायचं.

आणि तिची पसंती माझ्यापेक्षा बरी होती, हे आता कबूल करते. मशीन झाकावं असं तिच्या मनातही कधी आलं नाही. केस वर बांधायची, कानात लहानसे झुमके घालायची, आणि एकदा तर तुटलेल्या कानातल्याचं एक बारीक फूल तिने मशीनवरच चिकटवून घेतलं. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका सेंटरवर ती तेव्हा कामाला लागली होती. तिथे येणाऱ्या मुली विचारायच्या, दीदी, ये कान के पीछे वाला कहाँ मिलता है? ती मशीन काढून त्यांच्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, इंदूर में, डॉक्टर के पास. मला ते फूल भडक वाटलं होतं आणि मी तसं बोलूनही दाखवलं होतं.

ती सत्ताविसाची झाली तोवर दोन ठिकाणची बोलणी मशीनचं नाव काढताच थांबली होती. पहिल्यांनी निदान एवढं तरी सांगितलं, विचार करून कळवतो. दुसऱ्यांनी आमचा फोन उचलणंच सोडलं. वडील एका शाळेत क्लार्क होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. दोन वाक्यं बोलले तरी त्यांना धाप लागायची. आई रोज देवळातून आली की मला फोन करून सांगायची, आज देवाला काय काय ऐकवलं. मग शाहपूरचं स्थळ आलं. केळीचे बगीचे, स्वतःचं घर, मुलगा ठिबकच्या नळ्यांचं दुकान सांभाळणारा, शांत. फोटोवरून त्यांना मुलगी पसंत होती. फोटो डाव्या बाजूने काढलेला होता. तो मीच काढला होता.

आईच्या घरी बैठक बसली. आई, मी, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत वडील. आई म्हणाली, "पहिले पसंती होऊ दे. साखरपुडा झाला का मग सांगून देऊ. झाकली मूठ सव्वा लाखाची." बहीण दाराला टेकून उभी होती, आमच्या तोंडांवरून नजर फिरवत. ती म्हणाली, "पहले बता दो ना. ऐकून यायचं असीन तं येतीन, नाही तं नको. मी स्वतः सांगते त्याले."

"तू सांगशीन? पोरगी कधी स्वतःची खोट स्वतः सांगते का व?"

"खोट नाही आहे ते. मशीन आहे," बहीण म्हणाली आणि तिने माझ्याकडे बघितलं.

आमच्या घरात माझा शब्द चालायचा. मी तिची बाजू घेतली असती तर आई दोन दिवस रुसली असती आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागली असती. वडील तर माझ्या बोलण्याचीच वाट बघत होते, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी म्हणाले, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे, मग सांगूच की. मला भीती वाटत होती. तिसऱ्या घरीही फोन उचलणं बंद होईल, आणि मग चौथं घर येणारच नाही, अशी भीती. तिच्यावर जीव होता म्हणूनच ती वाटत होती, हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच दुकानात गेले. तिला नेलं नाही. दुकानदाराला म्हटलं, अख्खा कान झाकेल असं काहीतरी दाखवा. त्याने वरच्या फळीवरून एक डबा काढला. त्यात एक जोड होता. कानाच्या वरच्या कडेपासून खाली पाळीपर्यंत वळत आलेली मोठी कैरी, तिच्यात पानं कोरलेली, खाली थेंबासारखी तीन लटकनं. मागे कानाच्या कडेवर बसवायचा आकडा, आणि वजन पाळीवर येऊ नये म्हणून केसांत खोचायचा वेल. अंगठ्याने घासलं, डाग नाही. मागची बाजू गुळगुळीत. मी उजेडात नेऊन बघितलं, स्वतःच्या कानाला लावून बघितलं, तळव्यावर तोललं. दुकानदार म्हणाला, "बहनजी, शादी आपकी है क्या?" मला जास्त लाज वाटते ती याची, की ते निवडताना मी खूष होते. एखादं अवघड गणित सुटावं तशी खूष.

त्याच संध्याकाळी आईच्या घरी तिला आरशासमोर बसवलं. गडद निळी सुती साडी, बारीक लाल काठ. गळा रिकामा. भांग एका बाजूला पाडून उजवीकडचे केस कानाच्या वरच्या कडेवर आणले, मागे सैल अंबाडा घातला आणि वेल त्यात खोचला. मशीन कुठे आहे ते मलाही दिसेना. आई दारातून बघत होती. जन्मात पहिल्यांदा म्हणाली, "चांदी बी चांगली दिसते व." आणि तेवढ्यात मशीन वाजायला लागलं. बारीक, लांबलचक शिट्टी, थांबतच नाही अशी. कानावर काही दाबून बसलं की ते असंच करतं. त्या कुशीवर झोपली तरी करायचं. बहिणीने डोळे गच्च मिटून घेतले. कानातलं काढलं, शिट्टी बंद. घातलं, पुन्हा सुरू. मी आकडा वाकवून बघितला, मध्ये केस घालून बघितले, मागे कापूस लावून बघितला. काही केल्या थांबेना.

"मशीन काढूनच ठेवते मग," बहीण म्हणाली. "फिर ये भी किसलिए? साधे झुमके घालते."

सरळ हिशेब होता. मशीन नाही तर झाकायचं काय? पण गणितवाल्या बाईंचा हिशेब वेगळाच होता. मी म्हणाले, मशीन काढू नको, कानातच असू दे, फक्त बंद ठेव. उद्या कुणी बोललं तर सांगता येईल की आम्ही काढून ठेवलं नव्हतं, कानातच होतं, बघणाऱ्याने बघितलं नाही. म्हणजे फसवलं असंही होत नाही. आईला हे फार पटलं. मलाही पटलं होतं. ज्या मशीनने तिला ऐकू येत नव्हतं ते तिच्या कानात ठेवलं, आणि ते दिसू नये म्हणून वर कानातलं, आणि याला आम्ही खरेपणा म्हणत होतो.

मग मी तिला खुणा शिकवल्या. मी तुझ्या बरोबर समोर बसते. सगळ्यांचे ओठ दिसणार नाहीत, गडबडू नको, माझ्याकडे बघ. मी मान खाली केली की हो म्हण. पदर ओढला की नाही. बाकी हसत राहा. तिने आरशातून माझ्याकडे बघितलं. "पण ताई, मले त्याले सांगायचं आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, सांग ना, साखरपुडा झाला की सांग, कोण नको म्हणतं. ती म्हणाली, "तू सांगते तं ठीक." लहानपणी पाटीवर बेरीज चुकली आहे असं मी म्हटलं तरी ती हेच म्हणायची, आणि बरोबर असलेली बेरीज पुसायची.

रविवारी सकाळी ते आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि काकू. आम्ही मावा जिलेबी आणि चिवडा आणून ठेवला होता. बहीण पाण्याचे पेले घेऊन आली, वाकून सगळ्यांच्या पाया पडली आणि माझ्यासमोर सतरंजीवर बसली. मुलाच्या आईची नजर पहिली गेली ती कानावरच. "कानातलं मोठं सुंदर आहे व," असं म्हणत तिने हात पुढे केला, बघू म्हणून. मी घाईने जिलेबीची बशी तिच्या त्या हातात दिली. तिला वाटलं असेल, काय आग्रह करतात ही माणसं.

प्रश्न नेहमीचेच होते. स्वयंपाक येतो का? मी मान खाली केली, ती हो म्हणाली. देवाधर्माचं करते का? हो. काकूने विचारलं, शेताकडे राहायला जमेल का, तुम्ही शहरातल्या. हो. मुलाची आई म्हणाली की तिचं काम तिने लग्नानंतरही करावं, आमच्याकडे कुणाची मनाई नाही. हो. ती गोड हसत होती आणि काळी चांदी निळ्या साडीवर इतकी शोभत होती की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटत होती. काकू आईला म्हणाली, "पोरगी किती शांत आहे हो. आजकालच्या पोरी तोंडाले तोंड देतात." आईने पदराने डोळे टिपले. घरात कुणीही हसलं की सगळ्यात आधी "क्या हुआ, मलेही सांगा" म्हणून ओरडणारी माझी बहीण शांत म्हणून पसंत पडत होती.

मुलगा सगळा वेळ जवळजवळ गप्प होता. उठायच्या थोडं आधी तो तिला म्हणाला, "तुम्हाले मले काही सांगायचं असीन तं आत्ताच सांगा. मनात ठेवू नका." त्याला कुठून काही कळलं होतं की सहज विचारलं, ते मला आजही माहीत नाही. मला आठवतं ते असं, की तो खाली बघून, पुटपुटल्यासारखा बोलला आणि तिला त्याचे ओठ दिसले नसणार. बहिणीने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तिला काही कळलं नाही, मी काय सांगते ते बघते आहे. एकदा मान खाली केली असती तर तिला हो म्हणावं लागलं असतं, आणि मग सांगावंही लागलं असतं. मी पदर ओढला. तिने थोडा वेळ घेतला. मग त्याच्याकडे बघून नाहीची मान हलवली.

साखरपुडा थाटात झाला. तो झाल्यावर सांगायचं ठरलं होतं. पण आई म्हणाली, लगेच नको, अंगठीचा आनंद तरी घेऊ दे. मग म्हणाली, तारीख निघू दे. बहिणीने दोनदा विचारलं, आता सांगू? दोन्ही वेळा मी म्हटलं, थांब जरा. ते दोघं मोबाइलवर मेसेज लिहून बोलायचे. त्याला वाटायचं ती लाजते म्हणून फोन घेत नाही. त्याचा मेसेज आला की ती भिंतीकडे तोंड करून वाचायची, आणि तरी तिचे खांदे हसताना दिसायचे. इतकी आनंदात मी तिला फार कमी बघितली आहे.

महिनाभराने लग्नाच्या साड्या घ्यायला दोन्हीकडचे बुऱ्हाणपुरातल्याच एका दुकानात जमलो. आईच्या सांगण्यावरून तिने केस मोकळे सोडून कानांवर आणले होते. दुकानात मशीनची बॅटरी संपली. तिला ते कळलं होतं, पण पर्स बाहेर गाडीत राहिली होती. तो तिच्या मागून आला, एक साडी हातात घेऊन, आणि त्याने तिला नावाने हाक मारली. मग पुन्हा. मग अगदी जवळून, तिसऱ्यांदा. ती गादीवरच्या साड्यांचे पदर उलगडत राहिली. मी समोरच होते, मला सगळं दिसत होतं आणि मी तिला साधी खूणही केली नाही. तो वळसा घालून तिच्यासमोर आला. तिने त्याचा चेहरा बघितला, माझा बघितला, आणि सगळ्यांच्या देखत उजवीकडचे केस बाजूला केले. "बॅटरी खतम झाली," ती म्हणाली. "मले कमी ऐकू येते. लहानपणापासून."

तो त्या मशीनकडे बघत होता. त्याची आई काहीतरी बोलायला लागली तर त्याने हाताने तिला थांबवलं. "याचं काही नाही," तो म्हणाला. "आमच्या मावशीले बी आहे. पण मी त्या दिवशी विचारलं होतं. सगळ्यांसमोर विचारलं होतं. तुम्ही नाही म्हटलं."

तिने फक्त माझ्याकडे बोट दाखवायचं होतं. हिने खूण केली, एवढंच. ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "हो. माझी चूक झाली." आणि मी, जिला गल्लीत सगळ्यांना सगळं सांगायची सवय, ती हातात एक साडी धरून उभी राहिले. दुकानातला माणूस मला त्या साडीचं सूत दाखवत होता आणि मी ते बघत होते.

दोन दिवसांनी मुलाच्या वडिलांचा फोन आला. भले लोक होते, एक शब्द वावगा बोलले नाहीत. मुलाचं मन उतरलं आहे, एवढंच म्हणाले. त्यानंतर नात्यात, गल्लीत एकच बोलणं. पोरीनेच लपवलं. विचारलं तरी सांगितलं नाही. आईसुद्धा तिला म्हणाली, "त्यानं विचारलं तवाच सांगून देती तं झालं असतं तुझं," आणि हे म्हणताना तिला त्यात काही खोटं वाटलं नाही. मी तिथेच बसले होते. मी आईला गप्प केलं नाही. वडील एकटेच मला म्हणाले, "मी बोलायला पाहिजे होतं," आणि मी त्यांना म्हणाले, तुमचा काय दोष. दुसऱ्यांचे दोष काढून टाकणं सोपं जात होतं मला. पुढच्या वर्षी ते गेले.

त्यानंतर बहिणीने कानात काही घातलं नाही. भोकं बुजत आली आहेत. आई आजही म्हणते, निदान सोन्याची बारीक फुलं तरी घाल, ओकेबोके कान बरे दिसत नाहीत. ती हसून टाळते. केस आखूड कापून घेतले आहेत, मशीन नवीन आहे, काळ्या रंगाचं, लांबूनही दिसतं. फॉर्म भरायचं स्वतःचं सेंटर काढलं आहे. तिचे झुमके, चांदबाल्या, सगळा डबा तिने माझ्या मुलीला देऊन टाकला. तो कैऱ्यांचा जोड त्यात नव्हता. त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही. स्थळं नंतर कुणी फारशी आणली नाहीत. तो मुलगा आता दोन मुलांचा बाप आहे, असं कळलं. माझ्याशी ती पहिल्यासारखीच वागते. आजारी पडले तर डबा घेऊन येते, माझ्या मुलीची फी ऑनलाइन भरून देते, माझ्या वह्या तपासायला बसते. तिने एकदा भांडावं म्हणून मी किती वाट बघितली आहे, ते माझं मलाच माहीत.

सहा वर्षं मी एका गोष्टीच्या आधाराने काढली. तिला त्या दिवशी त्याचा प्रश्न कळलाच नव्हता. तिने नुसती माझी खूण पाळली. आपण कशाला नाही म्हणतो आहोत हे तिला माहीत नव्हतं, म्हणजे निदान तेव्हा तिला दुखलं नाही. तो नक्की काय म्हणाला होता, हे तिने मला नंतरही कधी विचारलं नाही. मला वाटायचं, विचारेल तेव्हा सांगू.

मागच्या महिन्यात एका दुपारी मी आईकडे गेले होते. आई आत पडली होती आणि आम्ही दोघी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. काही कारण नव्हतं. मी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या, तिच्यासमोर सरकून बसले आणि लहानपणी बोलायचे तशी तोंड नीट उघडून बोलले. म्हटलं, त्या रविवारी त्याने तुला विचारलं होतं, काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा. तो खाली बघून बोलला, तुला दिसलं नाही. मला कळलं होतं. मी मुद्दाम पदर ओढला. तुझं सांगणं मी अडवलं आणि नंतर सगळ्यांनी तुला बोल लावले तेव्हा गप्प बसले. मला रडू येत होतं आणि माझे ओठ वाकडे होत होते, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

ती शेंगा सोलत होती. दाणे वाटीत टाकले, सालं बाजूला केली.

"तो खाली नव्हता पाहत ताई," ती म्हणाली. "सीधा माझ्याकडे पाहून बोलला. हळूहळू बोलला. मले सगळं कळलं होतं."

मी म्हटलं, मग माझ्याकडे कशाला बघितलंस?

"तुले विचारत होते," ती म्हणाली. "सांगू का म्हणून."